भाऊजींनी मोटार पोर्ट केली

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला स्वतःचा मोबाईल नंबर आहे. हसू नका, हल्ली पुष्कळांच्या मोटारींना असतो. स्टार्टरच्या बाजूला एक डबा बसवतात, त्यात सिमकार्ड टाकतात. घरून फोन लावायचा, डबा तो उचलतो, आतली बाई लाईट आहे की नाही ते सांगते, एक आकडा दाबला की मोटार चालू. माझ्या फोनवरून सगळ्यात जास्त लागणारा नंबर हाच. त्याखालोखाल नवऱ्याचा. नवरा रिंग संपत आली की उचलायचा, तेही उचलला तर. मोटार पहिल्या रिंगला उचलायची.

नवरा म्हणजे मुंजाजी. चाकणला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. इकडे बोरीजवळच्या आमच्या गावात मी, सासूबाई चतुराबाई आणि तीन एकर वावर. वावर ह्यांच्या नावावर, कष्ट माझे. यंदा सगळ्या वावरात हळद लावली होती आणि तिला ठिबक होतं. ह्यांचं म्हणणं असायचं, तू चाकणला ये. चाकणला म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत, सकाळी नळाच्या रांगेत आणि दिवसभर ह्यांच्या डब्याच्या तयारीत. माझं म्हणणं, मोटार माझं ऐकते तोवर मी इथून हलत नाही. हे मी मोठ्यांदा कधी म्हटलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता आमचे दीर, गोपाळभाऊजी. शेजारीच वेगळे राहतात. त्यांनी कोंबड्या पाळून झाल्या, विमा विकून झाला, बियाण्याची एजन्सी घेऊन झाली. कोंबड्या तेवढ्या आपल्या मनानं मेल्या, बाकीचं भाऊजींनी मारलं. मागच्या दिवाळीनंतर ते एका नव्या मोबाईल कंपनीचे ग्रामीण प्रतिनिधी झाले. कंपनीनं त्यांना एक टी-शर्ट दिला आणि गळ्यात घालायला एक कार्ड. ते कार्ड घालून ते म्हशीचं दूध काढायचे. कार्डावर त्यांचा फोटो होता आणि फोटोत ते हुशार दिसत होते. त्या कंपनीनं केलेली ही पहिली फसवणूक.

बोरीच्या स्टँडवर छत्री टाकून बसले आणि जुन्या कंपनीचा नंबर नव्या कंपनीत आणणाऱ्याला एकेक प्लॅस्टिकची बादली वाटू लागले. आमच्या गावानं बादलीसाठी नंबर बदलले. बादली चांगली होती, खोटं कशाला बोलू. त्या कंपनीची न गळणारी वस्तू तेवढी एकच.

एका संध्याकाळी आमच्याही ओसरीवर आले.

"वहिनी, तुमचा बी देतो करून. फाईव्ह जी हाय. पिक्चर अस्सा उतरंल की डोळं मिटायच्या आत खेळ सुरू."

"मला पिक्चर कुठं उतरवायचाय, भाऊजी? मला मोटार चालू करायची असती."

"तिचं बी करून टाकलं की! घरचे समदे नंबर एकदाच दिले. तुमी फकस्त तुमचा अंगठा द्या."

मोटारीचं सिम मुळात त्यांच्याच आधारकार्डावर घेतलेलं होतं. डबा बसवला तेव्हा हे चाकणला होते आणि माझं आधार माहेरच्या नावाचं होतं, म्हणून भाऊजींचं दिलं. त्यामुळे मोटारीला विचारायचं कारण नव्हतं, मला तर नव्हतंच. मी अंगठा दिला. बादली घेतली. त्या दिवशी मला कुणी शहाणी म्हटलं असतं तर मी ऐकूनही घेतलं असतं.

नवी कंपनी गावात आली, पण कुणाच्या घरात काही शिरली नाही. आमच्या घरात तिची एक दांडी यायची नाही. माळवदावर चढलं की एक यायची आणि मान वळवली की जायची. भरून रेंज मिळायची ती फक्त मारुतीच्या पारावर, जिथं गावचे बिनकामाचे पुरुष सकाळपासून बसलेले असतात. म्हणजे गावातल्या बाईला नवऱ्याशी काय बोलायचं ते सगळ्या पारासमोर बोलायचं. पोराला जुलाब लागले, पारावर सांगा. सासूशी वाजलं, तेही पारावर सांगा आणि घरी पोचायच्या आत सासूला कळलेलं असू द्या. तक्रार करायला कंपनीला फोन लावला तर तिथला पोरगा म्हणाला, मॅडम, तुमच्या भागात आमचं नेटवर्क उत्तम दिसतंय. बाबा, तुला दिसतंय ना, मग तूच ये आणि बोल त्याच्याशी.

परत जुन्या कंपनीत जायचं तर तीन महिने थांबा म्हणे. लग्न मोडायला एवढे दिवस लागत नाहीत.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मोटारीनं फोन उचलणं बंद केलं. माळवदावरून लावला, पारावरून लावला, एकच उत्तर, संपर्क होऊ शकत नाही. भाऊजी येऊन डब्याकडे बघून गेले, हात न लावता.

"डबा जळाला, वहिनी. चायनाचा माल. नवा घ्यावा लागंल."

लोक मला नंतर म्हणाले, गोपाळनं मुद्दाम केलं. तो मान मी त्यांना देणार नाही. कट करायला डोकं लागतं. पण आयतं ताटात पडलेलं खायला डोकं लागत नाही आणि ते काम भाऊजींना चांगलं जमतं.

कारण आता मला वावरात जाऊन बसावं लागत होतं. थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, आणि दिवसाची म्हटली तरी येईल तेव्हा खरी. पहाटे जायचं, लाईटची वाट बघत विहिरीवर बसायचं, ती आली की मोटार चालू करायची, गेली की परत वाट बघायची. घरी सासूबाईंची गोळी राहायची, म्हशीचं पाणी राहायचं. रात्रीची पाळी असली की हळदीला पाणीच नाही. पानांची दुपारी सुरळी व्हायला लागली. आणि मग एका सकाळी भाऊजी चहाला आले, गळ्यात कार्ड घालून.

"बाईमाणसानं अंधारात वावरात जायचं, चार लोक काय म्हणतेत? मला द्या बटईनं. उभ्या हळदीसकट. तुमी बिनघोर दादाकडं जावा चाकणला."

उभ्या हळदीसकट! लागवड माझी, खुरपणी माझी, भर लावली मी, आणि निम्मी हळद भाऊजींची, कशाबद्दल तर माझी मोटार मुकी केल्याबद्दल.

"गोपाळ काय परका हाय का?" सासूबाई म्हणाल्या.

"परका असता तर दारातूनच घालवला असता, आत्याबाई."

त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी ठरलं की वावर ज्याच्या नावावर त्यालाच विचारू. मला ते मान्य होतं. हे चाकणला ये चाकणला ये करत असले, तरी ती हळद मी कशी आणली हे त्यांना ठाऊक होतं. गणपतीत आले तेव्हा बांधावर उभं राहून म्हणाले होते, राजेश्री, तुझ्या हाताला माती लागू हाय. त्या एका वाक्यावर मी बाकीचं वर्ष काढत होते.

विचारायचं म्हणजे पारावर जाणं आलं. भाऊजींनीच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि देवाला प्रसाद दाखवावा तसा तळहातावर धरला. पारावरचे सगळे पुढं सरकले. भाऊजींनी सगळं सांगितलं, डबा जळाला, वहिनीचे हाल व्हायलेत, बटईनं घेतो. मी म्हटलं, "अहो, आयकायलाव ना? उभी हळद मागायलेत."

पलीकडून खरखर झाली. मग ह्यांचा आवाज आला, "वावर गोपाळला देऊ..."

आणि फोन बंद.

मग भाऊजी म्हणाले, "आयकलं का? देऊ म्हणला दादा."

"देऊ नको म्हणत व्हते. नको राह्यलं."

"नको कुठं आयकू आलं?"

"कुठून येणार? तुमच्या कंपनीनं खाल्लं."

एखाद्या माणसाचं वाक्य निम्म्यात तुटलं तर उरलेलं कुणाचं? आमच्या भाषेत हो की नाही हे शेवटच्या शब्दात असतं आणि नवी कंपनी नेमका शेवटचा शब्द पोचवत नव्हती. पारावरच्या विद्वानांनी त्यावर बराच काथ्याकूट केला. एक म्हणाला, नको म्हणायचं असतं तर आवाज चढला असता. दुसरा म्हणाला, तो कधी बायकोपुढं आवाज चढवतो का? सगळे हसले. ह्यांना परत फोन लावला तो लागला नाही. शेवटी पारानं निकाल दिला, जेवढं ऐकू आलं तेवढं खरं. सोमवारी भाऊजी वावराचा ताबा घेणार. मला कुणी विचारलं नाही, मी नुसती उभी होते. घरी येऊन मी चुलीपुढं बसले आणि रडले, आणि रडतानाही त्या कंपनीला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी वावरात गेले तर शेजारच्या वावराला पाणी चालू. कुसुमबाईची मोटार. बाई स्वतः घरी आणि मोटार इथं सुरू! तिचा डबा आमच्याच बरोबर, एकाच दुकानातून घेतलेला. गावात तिनंच तेवढा नंबर बदलला नव्हता. भाऊजींच्या शेळीनं एकदा तिची मेथी खाल्ली होती, तेव्हापासून ती त्यांच्या हातचं पाणी घेत नव्हती, बादली तर लांबच.

मी दुपारी तिला वावरात घेऊन आले. तिच्या डब्यातलं सिम काढलं, माझ्या डब्यात घातलं. बाभळीखाली माझ्या फोनला एक दांडी सापडली, तिथून मान न हलवता कुसुमबाईचा नंबर लावला. डब्यानं उचलला. लाईट होती. आकडा दाबला आणि मोटार घरघरली. डबा जळाला नव्हता, त्याला जुन्या कंपनीचं जुनं नेटवर्कच कळायचं. भाऊजींचं फाईव्ह जी त्याच्या खिजगणतीतही नव्हतं.

"आगं बाई," कुसुमबाई म्हणाली, "येवड्यासाठी वावर जायलं व्हतं व्हय तुझं?"

तशीच बोरीला गेले. जुन्या कंपनीची दोन सिमं घेतली, माझ्या आधारवर, मग त्यावर नाव माहेरचं का असेना, माझ्या अंगठ्यानं. एक डब्यात, एक माझ्या फोनात. डब्यात नंबर नोंदवला तो फक्त माझा, म्हणजे आता डबा दुसऱ्या कुणाच्या फोनचं ऐकणार नाही. घर, वावर, म्हैस, मोटार, यातलं काहीही तोवर माझ्या नावावर नव्हतं. दुकानदार सिमची कात्रणं कचऱ्यात टाकत होता आणि मला मात्र फार बरं वाटत होतं.

मग विहिरीवर बसून ह्यांना फोन लावला. चार दांड्या होत्या. आवाज असा स्वच्छ, की मागं गेटवर गाडी आली, तिचा हॉर्नसुद्धा कळला.

"अहो, डबा जळालाच नव्हता. मोटार चालू झाली."

"बरं झालं."

"आता ते वाक्य पुरं करा. भाऊजींनी गावभर केलंय, दादा देऊ म्हणला. देऊ नको म्हणत व्हता ना तुमी?"

पलीकडे परत हॉर्न वाजला. मी म्हटलं, "हॅलो?"

"आयकू यायलंय."

"मंग बोला की."

"देऊच म्हणलो व्हतो." मग म्हणाले, "आन फोन मीच ठिवला. पारावर समदे व्हते, तू बोलली असतीस. हितं मेसचं खाऊन बेजार झालोय मी. तू आलीस तर..."

त्या कंपनीला मी इतके दिवस काय काय बोलले होते! गावात आल्यापासून तिनं एकच वाक्य आख्खं पोचवलं होतं आणि नेमकं तेच मी तुटलं म्हणून धरून बसले होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं, इतकं वाईट की ज्या बांधावर उभं राहून ते माझ्या हाताला माती लागू आहे म्हणाले होते, तिकडे बघवेना.

"हे बगा," मी म्हटलं, "मी चाकणला येनार न्हाई. आन वावर बी मी कुनाला देत न्हाई."

"हॅलो? हॅलो... आवाज तुटायलाय तुझा..."

तुटत नव्हता. त्यांच्या मागं कुणीतरी चहा आला म्हणून हाक मारली, तीसुद्धा मला ऐकू आली.

सोमवारी भाऊजी वावरात आले. सोबत पारावरचे दोघं साक्षीला आणि गळ्यात ते कार्ड. मी विहिरीजवळ उभी होते. त्यांनी बांधावरूनच सुरुवात केली.

"वहिनी, आता नको-बिकोचं काढू नका. दादा देऊ म्हणला व्हता."

"व्हय," मी म्हटलं. "देऊच म्हणले व्हते. मी इचारलं त्येनला."

भाऊजी साक्षीदारांकडे बघून हसले. या उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती.

"मंग झालं की," ते म्हणाले.

"न्हाई झालं. ते देऊ म्हणले. मी न्हाई म्हणायलेय."

साक्षीदारांपैकी एकजण जमिनीकडे बघत होता, दुसरा हळदीकडे. भाऊजींनी खिशातून फोन काढला, दादाला लावायला. पण वावरात त्यांच्या कंपनीची रेंज नव्हती, आणि बाभळीखाली ती मिळते हे त्यांना मी सांगितलं नाही. त्यांच्यासमोरच मी मोटारीला फोन लावला.