नासपती हलती ठेवा

आज

फाटकाशी आल्यावर नोएलियाने लेकीच्या कानांवर निळे कर्णबंद नीट बसवले. अब्रिल नऊ वर्षांची, स्वमग्न. गर्दीचा आवाज तिला टोचतो. आणि एल पाइसितोत गर्दी असतेच. मुलांच्या मापाचा देश असलेली बाग ती: बुटकी बँक, बुटकं चर्च, वाकून आत शिरावं लागणारी संसद, आणि मधल्या चौकात लाकडी घोड्यांची चक्री.

"आधी संसदेत नेऊ," नोनो म्हणाले. नोनो म्हणजे आजोबा, नोएलियाचे वडील. "तिथे आरडाओरडा करायचाच असतो. हिने केला तर कुणी बघणारही नाही."

"पप्पा, पुरे. आधी चक्री."

नोएलियाला आज एकच गोष्ट हवी होती. अब्रिलने कडी खेचावी. एकदा तरी.

तेव्हा

नोएलियाच्या लहानपणी, दर रविवारी. पावात घातलेली मिलानेसा, म्हणजे तळलेला मांसाचा काप, तेलकट बोटं. घोडे फिरायचे आणि चक्रीवाला खाली उभा राहून मुलांसमोर लाकडी नासपती नाचवायचा. तिच्या टोकाला लोखंडी कडी. खेचली की नासपतीचा नाच संपला आणि पुढची फेरी फुकट. पण चक्रीवाला सुखासुखी देतोय कुठला! हात पुढे आला की नासपती वर, मग खाली, मग नाकाला शिवून पसार. मुलं चिडायची, हसायची, पुन्हा हात पुढे.

नोएलिया मात्र खेचायची. जवळजवळ दर रविवारी. घरात तिच्या हाताचं केवढं कौतुक!

आज, फिरताना

अब्रिल पांढऱ्या घोड्यावर. नासपती आली. तिने बघितलं, हात उचलला नाही. पुन्हा आली. पुन्हा तसंच.

"घ्यायची नसेल तर डोकं तरी बाजूला कर ना!" मागच्या घोड्यावरची दोन वेण्यांवाली ओरडली.

"हात, राणी! हात पुढे!" नोएलिया चक्रीबरोबर धावत होती.

नोनो हळूच चक्रीवाल्याकडे गेले, त्याच्या कानाशी लागले आणि परत आले.

"काय सांगितलंत त्याला?"

"तुझ्या वेळी सांगायचो तेच. हिच्यासमोर जरा स्थिर धर म्हटलं."

"माझ्या वेळी?"

"मग! तू काय गोलकीपर होतीस? नासपती दिसली की डोळे मिटायचीस."

तेव्हा, पण आता निराळं

तोच रविवार. फक्त नासपती तिच्यासमोर येते आणि क्षणभर थबकते. त्या थबकण्यालाच ती इतकी वर्षं आपली चपळाई समजत आली. राग यायला हवा होता. त्याऐवजी तरुण पप्पा दिसले, चक्रीवाल्याशी लाघवीपणे बोलणारे, तिला कळू नये म्हणून पाठ करून उभे. असं कुणी आपल्यासाठी...

आज

नासपती अब्रिलसमोर आली आणि स्थिर झाली. कडी बोटांपासून वीतभर. अब्रिलचा चेहरा आक्रसला आणि ती किंचाळली. चौकभर माना वळल्या.

"उतरवा हो तिला," एक बाई म्हणाली. "कशाला आणतात असल्या मुलांना!"

चक्रीवाल्याने ब्रेकला हात घातला. नोएलिया लेकीला उचलायला पुढे झाली, आणि तिला अब्रिलची बोटं दिसली. मघापासून ती मांडीवर नाचत होती, वर, खाली, मागे. आता ताठरली होती. नजर थांबलेल्या नासपतीवर.

"थांबू नका! नासपती हलवा!" ती चक्रीवाल्याला म्हणाली.

"अहो बाई, तुमच्या वडिलांनीच..."

"त्यांचं ऐकू नका. सगळ्यांना छळता तसं हिलाही छळा!"

नासपती हलली. वर, खाली, नाकाला शिवून पसार. किंचाळी ओसरली. घशातून हसू आलं, बोटं नासपतीच्या मागे धावली.

"कडी काही घेणार नाही ही," नोनो पुटपुटले.

"नाही घेणार."

"मग फुकट फेरी गेली की!"

"तिकिटं काढा, पप्पा. तिचं आणि माझं."

पुढची फेरी

पांढऱ्या घोड्याच्या मागच्या घोड्यावर नोएलिया, गुडघे छातीशी आलेले. नासपती आली. चक्रीवाल्याने तिच्यासाठी ती मुळीच थांबवली नाही. हात आपसूक उठला आणि कडी खरंच बोटांत आली, या खेपेस स्वतःच्या हिमतीवर.

तिने खेचली नाही. बोटं सैल सोडली. नासपती तिच्या केसांना शिवून निसटली, आणि पुढच्या वळणावर अब्रिलच्या हसऱ्या तोंडापुढे तिला हवी तशी नाचू लागली.