कास्परची तलवार

आमच्या पणजोबांचं, कास्परचं, नाव गावात निघालं की कोणीतरी डोळा मारायचंच. १८७०च्या फ्रान्सशी झालेल्या लढाईत ते सातव्या पायोनियर, म्हणजे पूल बांधणाऱ्या, तुकडीत होते; तिथून पितळी मुठीची आखूड तलवार घेऊन परतले होते. "मेलेल्या फ्रेंचाच्या कमरेची काढली," असं लोक म्हणत. आई शाळेत होती तेव्हा पोरं तिला 'प्रेतलुटी' म्हणत. त्यात अल्विन पुढे असायचा.

आता अल्विन जर्मनीच्या वेस्टफालिया भागातल्या आमच्या गावच्या नेमबाज मंडळाचा प्रमुख आहे, जुन्या शस्त्रांचा जाणकारही. यंदाच्या उत्सवात त्याने घराघरातली शस्त्रं मांडायला मागितली. आई मला म्हणाली, "इर्मट्रूड, ने आपली. पण मीही येणार."

मंडळाच्या सभागृहात अल्विनने मूठ फिरवून पाहिली आणि आईला म्हणाला, "वाल्बुर्गा, रागावू नकोस. अशी वळ्यांची पितळी मूठ फ्रेंच पायदळाची असते."

"मूठ पाहून माणूस ओळखतोस होय रे? पातं बघ की!"

"बघू कसं? म्यानातून निघते कुठे?"

खरंच, म्यानाचं कातडं आक्रसून पात्याला घट्ट चिकटलं होतं. आमच्या घरात कोणी ती कधी उपसलीच नव्हती. आईने पिशवीतून तेलाची बाटली काढली. म्यानाच्या तोंडातून तेल सोडत, हळूहळू हलवत आम्ही दुपारपर्यंत झटलो. अल्विनने म्यान धरलं, मी मूठ. करकर आवाज झाला आणि पातं बाहेर आलं.

पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते होते!

 अल्विन भिंग घेऊन खिडकीशी गेला. "करवत म्हणजे पूल बांधणाऱ्या, झाडं तोडणाऱ्या तुकडीची. फ्रेंच पायदळाच्या तलवारीला ही नसते." त्याने गंज पुसला. "हा मुकुट, खाली W. आपल्या राजाच्या नावाचा शिक्का. आणि मुठीच्या आडव्या दांडीवर... ७, P. सातवी पायोनियर. वाल्बुर्गा, ही तर कास्परचीच तुकडी!"

आईचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत होता. "म्हणजे प्रेतावरची नाही."

"नाही. सरकारी आहे. खरं तर परत करायला हवी होती."

"मग राजाने यावं मागायला!"

सभागृह हसून दणाणलं. अल्विनने टोपी काढली. "शाळेत फार छळलं मी तुला."

"छळलंस. आता हात दे, गुडघे दुखतात."

संध्याकाळी मिरवणुकीत बँडच्या मागोमाग आई अल्विनच्या हाताला धरून चालली. लोकांच्या टोमण्यांपायी लग्नानंतर तिने कधी उत्सवात पाऊल टाकलं नव्हतं. दारादारातून लोक ओरडत होते, "कास्परची नात! कास्परची नात!" आणि आई मान ताठ करून प्रत्येकाला हात हलवत होती.