पाद्री साहेबांचा धडा

मी रामकृष्ण, जबलपुरात पाद्री साहेबांना मराठी शिकवतो. पुस्तकी मराठीचा मला भारी राग. म्हणून माझी रीत ठरलेली: शब्द द्यायचा तो घरातल्या वाक्यात, वर तो कोण कोणाला म्हणतो आणि समोरचा काय उत्तर देतो, तेही सांगायचं.

त्या सकाळी साहेबांनी त्यांच्या धर्मग्रंथातली एक शिवी काढली. "राका." ख्रिस्ताच्या मुलखातल्या बोलीतली, म्हणजे अरामी. ग्रीकात लिहिणाऱ्यांनी ती तशीच ठेवली, भाषांतर केलंच नाही. अर्थ रिकामा, पोकळ, कवडीचाही नसलेला. भावाला असं म्हणेल त्याला पंचांपुढे उभं राहावं लागेल, असं तिथे लिहिलेलं.

"एवढ्याशा शब्दाला पंच?" मी हसलो. "आमच्याकडे रोज चालतं. लिहा, रिकामटेकडा."

"वाक्य?"

"रिकामटेकड्या, फुकटचं गिळून राहिलास."

साहेबांनी लिहून घेतलं. "कोण कोणाला म्हणतो?"

मालक नोकराला, असं सांगता आलं असतं. पण तोंडून खरं तेच निघालं. "थोरला भाऊ धाकट्याला. जेवताना."

"धाकटा काय उत्तर देतो?"

"काही नाही. ताटावरून उठतो."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "पंडितजी, आज इथेच थांबू," ते हळूच म्हणाले.

जर्मनीची लढाई संपली, इथल्या तोफगाड्यांच्या कारखान्याने माणसं कमी केली, त्यात माझा गणपतही घरी बसला. वडील गेले तेव्हा चार वर्षांचा होता, मीच त्याला वाढवलं. आणि काल त्यालाच मी हे बोललो होतो. मला माझीच लाज वाटली. दुपारच्या गाडीने तो नागपूरला निघणार होता, कायमचा. मी अक्षरशः धावत घर गाठलं.

ओसरीवर तो वळकटी बांधत होता. माझी बायको भानुमती दाराशी डोळे पुसत उभी. आमच्या घराण्यात थोरल्याने धाकट्याची माफी कधी मागितली नाही.

"गणपत, काल मी फार वाईट बोललो. चुकलो मी."

तो घाबरलाच. "दादा, असं काहून बोलून राहिले? तुम्ही मोठे आहा. आणि खोटं काय होतं त्यात?"

"सगळंच खोटं होतं. तू मला हवा आहेस, काम असो नसो. जाऊ नको रे."

तो वळकटीची गाठ सोडेना. मग मीच दोन पाट मांडले आणि त्याला हाताला धरून आणलं. भानुमतीने ताटं वाढली. थोरल्याने घास घेतल्याशिवाय धाकट्याने घ्यायचा नाही, ही आमची शिस्त. मी हात मांडीवर ठेवून बसलो. "आज आधी तू."

त्याने भात कालवला. मग जेवू लागला. भानुमतीने वळकटी गुपचूप आत नेली.

काम सुटल्यापासून तो वाढलं तेवढंच खायचा, दुसऱ्यांदा काही घ्यायचा नाही. मला वाटायचं, पोराची भूकच कमी झाली.

"वहिनी," तो म्हणाला, "थोडा भात वाढा."