आभाळराजाचा खुंटा

नाट्यगृहात सगळे त्याला खुंटा म्हणत, आणि नाव त्याला शोभूनही दिसे. नाटकाच्या दुसऱ्या प्रवेशात आभाळराजा सिंहासनासकट वरून उतरायचा. सिंहासनाचा दोर छतातल्या कप्पीवरून पलीकडे विंगेच्या कोपऱ्यात यायचा आणि खुंट्याच्या कमरेच्या चामडी पट्ट्याला दोन वेढे घेऊन थांबायचा. सिंहासन वर अडवून धरणारी खिट्टी ओढली की राजाचा सगळा भार खुंट्यावर. तो दोन्ही हातांनी दोर जरा जरा सोडत जाई आणि राजा खाली येई. यात यंत्र म्हणून काही नव्हतं. होता तो फक्त एक माणूस, जो जागचा हलत नसे.

हलणार कसा? त्याच्या वजनाबद्दल जे जे सांगतात त्यातलं एक अक्षर खोटं नाही, फार तर थोडं ताणलेलं असेल. तो बाकाच्या एका टोकाला बसला की दुसऱ्या टोकाचा माणूस आपोआप उभा राही. औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर तो एकदा चढला, तर काटा अख्खी फेरी मारून शून्यावर येऊन थांबला. दुकानदारानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "या हिशेबानं तुम्ही अजून जन्माला यायचे आहात."

खुंटा सगळ्यांच्या आधी हसला. वजन ही त्याची कमाई होती. मिसरूड फुटल्यापासून तो त्या कोपऱ्यात उभा होता, आणि राजा कधी धपकन पडला नव्हता.

पण अलीकडे दोन जिने चढले की त्याला वाटेत बसावं लागे. त्याची बायको त्याच नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकाम करायची. एके दिवशी बटण लावता लावता, वर न बघता ती म्हणाली, "अहो, झोपेत तुमचा श्वास थांबतो."

"थांबतो म्हणजे?"

"म्हणजे थांबतो. मग मी कोपर मारते, मग चालू होतो. एखाद्या दिवशी मला गाढ झोप लागली तर काय करायचं, तेवढं सांगून ठेवा."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त कोपर सोडून. पोटाचं ऑपरेशन करा, निम्मं वजन उतरेल, हृदयावरचा ताण सुटेल.

"निम्मं?" खुंटा घरी येऊन म्हणाला. "मग माझ्याकडे राहिलं काय? दोर कोण धरणार?"

"आणि तुम्हीच गेलात तर कोण धरणार?" बायको म्हणाली.

नाट्यगृहाच्या मालकांनी रजा दिली. माणूस वाईट नव्हता, पण व्यवहारी. "जा बाबा, धडधाकट होऊन ये. मात्र स्पष्ट सांगतो, मोटरवाला दोनदा येऊन मापं घेऊन गेलाय. नव्या हंगामाच्या पहिल्या प्रयोगाला तू दोर धरलास तर दोर तुझा. नाही जमलं तर मोटर बसवीन आणि तुला तिकीट खिडकीवर बसवीन. उपाशी नाही ठेवणार."

तिकीट खिडकी रस्त्याकडे तोंड करून होती. तिथे बसलं की नाटकाचं फक्त टाळ्यांपुरतं ऐकू येई.

सर्जनबाई इतक्या लहानखुऱ्या की त्या टेबलामागे बसलेल्या आहेत की उभ्या, हे कळेना. त्यांनी कागदावर पिशवीसारखं पोट काढलं आणि मधून एक रेघ ओढली. "एवढं काढणार. एवढं ठेवणार. केळ्याएवढं."

"केवढ्या केळ्याएवढं?" खुंट्यानं आशेनं विचारलं.

"साध्या."

"आणि काढलेलं कुठे जाणार?"

"तपासायला."

"सोबत कुणी जाईल ना त्याच्या? एकटं कधी राहिलेलं नाही ते."

सर्जनबाई हसल्या नाहीत, पण पेन्सिलीचं टोक मोडलं.

आधी काही दिवस त्याला नुसत्या पातळ पदार्थांवर ठेवलं, यकृत आक्रसावं म्हणून. त्या दिवसांत तो भिंतीवरच्या चित्रातल्या सफरचंदाकडे असा बघे की बायकोनं चित्र फिरवून ठेवलं. मग तो दिवस आला. टेबलावर चढवायला चौघे आले, पाचवा हिंमत द्यायला. नळीतून औषध गेलं, आणि खुंट्यानं आयुष्यात पहिल्यांदा सगळा भार दुसऱ्यांच्या हाती सोडला.

जाग आली तेव्हा त्याला वाटलं होतं, पोट ट्रंकेसारखं उघडून बंद केलेलं असणार. वाकून पाहतो तो पोटावर नुसत्या पाच बारीक पट्ट्या. एवढ्याशा भोकांतून त्यांनी आत दिवा नेला, कात्री नेली, शिवण घातली आणि त्याचं आयुष्यभराचं भांडार गुंडाळून बाहेर आणलं. शिवणकामातलं कळणाऱ्या बायकोनंही पट्ट्यांकडे किती तरी वेळ पाहिलं. "अस्तर न उसवता आतली पिशवी बदलली यांनी," ती हळूच म्हणाली.

दुखत होतं ते मात्र खांद्यात. पोट फुगवायला भरलेली हवा तिथे जाऊन बसते, असं नर्सनं सांगितलं. "चला काका, उठा. फेऱ्या मारा, म्हणजे ती हवा जिरेल."

"आजच? पोट कापलंय माझं."

"पायांना कुणी हात लावलेला नाही."

फेरी मारून आल्यावर तिनं औषधाच्या झाकणाएवढा पेला पुढे केला. खुंट्यानं तो चिमटीत धरला. "हे वास घ्यायला?"

"पाणी आहे. सावकाश प्या, पुरवून पुरवून. घटाघट घ्याल तर तेच उलटं भेटायला येईल."

त्यानं ओठ ओले केले. आजवर तो पाणी तांब्यानं ओतत आला होता, खड्ड्यात ओतावं तसं. आता एक घोट जिभेवर थांबला. थंड होता. मग घशाच्या वळणावर रेंगाळला, छातीमागून खाली निघाला, आणि कुठे पोचला ते त्याला नेमकं कळलं, जिन्यातून आपलं माणूस चढून येताना प्रत्येक पायरीवर कळावं तसं. पाण्याला चव असते. कडेला जरा गोड, मागून जरा लोखंडी. तो पेला हातात धरून आत बघत राहिला. नर्सला वाटलं, मळमळतंय. तिनं विचारलं तर म्हणाला, "नाही हो. जरा बघत होतो."

घरी आल्यावर चमत्कारांची रांगच लागली. आधी सगळं मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, मग एका उकडलेल्या अंड्याचा दिवस. अंड्याला तो असा सामोरा गेला, जणू पाहुणा आलाय. चावता चावता रेडिओवरच्या बातम्या संपल्या, हवामान संपलं, आणि अर्धं अंडं बशीत तसंच. "झालं माझं," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडून जेवणाच्या टेबलावर कधी कुणी ऐकले नव्हते. बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलं.

एकदा हावरेपणानं एकच चमचा जास्त गेला आणि त्याला दरदरून घाम फुटला, छातीत धोंडा अडकल्यासारखं झालं. केळ्याएवढ्या पोटानं आपल्याहून कैक पटींनी मोठ्या माणसाला कान धरून बसवलं. त्या दिवसापासून तो पोटाला आदरानं वागवू लागला.

मग वजन उतरायला लागलं, आणि ते जाताना खालून वस्तू सापडायला लागल्या. एका सकाळी त्यानं घाबरून बायकोला हाक मारली. "इकडे ये लवकर. गळ्याखाली काहीतरी टणक लागतंय."

तिनं चाचपलं. "ते हाड आहे."

"कधीपासून?"

"जन्मापासून. सगळ्यांना असतं. माझंही बघा."

मग गुडघ्याच्या वाट्या निघाल्या. पावलं दिसली, आणि ती बापाच्या पावलांसारखीच आहेत हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं. केस थोडे गळले, दंडाखाली कातडी रिकाम्या बाहीसारखी लोंबू लागली, आणि गोळ्यांची डबी जन्माची सोबतीण झाली. तेही सगळं खरं. पण एका दुपारी बायकोनं मापाची टेप त्याच्याभोवती टाकली आणि तिचे दोन्ही हात त्याच्या पाठीमागे एकमेकांना भेटले. माप घ्यायचं ती विसरली. बराच वेळ तशीच उभी राहिली.

"माप झालं का?" त्यानं विचारलं.

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. रात्री कोपर मारायची तिची सवय कधीच सुटली होती.

हंगाम जवळ आला तसा तो एकाच काळजीनं पोखरला गेला: हात. इतके दिवस दोर नाही, आणि खाणं चिमणीचं. हातांत धरण्याची ताकद राहिली असेल का? तो रोज वाळूच्या बादल्या उचलू लागला. नाट्यगृहात परतला तेव्हा मालकांनी त्याला आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर तेही हातांकडेच पाहू लागले. "पकड दाखव." खुंट्यानं त्यांचा हात असा दाबला की मालक खुर्चीत बसले. "आहे," ते म्हणाले.

त्या नाट्यगृहात वर जाणारी प्रत्येक वस्तू हंगामाच्या सुरुवातीला तोलली जाई. सिंहासन तोललं, ढग तोलले, राजाचं पत्र्याचं चिलखत नि मुकुट तोलला. खुंटा मात्र तिथे कधीच तोलला गेला नव्हता, जसा कुणी खांब तोलत नाही. बायकोनं स्वतःच्या हातानं त्याचा चामडी पट्टा दोन वितींनी आखूड करून दिला, नवी भोकं पाडली, टाके घातले. हातांच्या काळजीत वजनाचं त्या दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तालमीलाही काही कळलं नाही, कारण राजाचं काम करणारा नट तालमीला उंचावर बसत नसे. रिकामं सिंहासन उतरलं, हात छान चालले, आणि मालकांनी मोटरवाल्याला सांगितलं, उद्याचा प्रयोग बघून कळवतो.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह गच्च भरलेलं. वर अंधारात राजा चिलखत, मुकुट आणि झग्यासकट सिंहासनावर बसला. खाली खुंट्यानं दोराचे दोन वेढे घेतले, पट्ट्याचा आकडा अडकवला, पाय रोवले आणि खिट्टी ओढली.

आणि पायाखालची जमीन निघून गेली.

पडला नाही. वर गेला. आधी टाचा सुटल्या, मग चवडे, आणि मग तो धुरासारखा, अगदी सावकाश, विंगेच्या कोपऱ्यातून चढू लागला. त्याला एका क्षणात सगळं उमगलं. सिंहासनासकट राजा आता त्याच्याहून थोडासाच जड होता. आता दोर सोडला तर राजा दगडासारखा आदळेल. त्यानं दोर घट्ट धरला आणि हाक मारली नाही, कारण प्रयोग चालू होता.

पडद्यांच्या कडा गेल्या, दिव्यांची रांग गेली. अर्ध्या वाटेत राजा समोरून खाली जाताना त्याला दिसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राजानं मान किंचित लववली. नट मुरलेला होता.

वर कप्पीजवळ येता येता त्यानं खाली बघितलं. दोर धरण्याच्या नादात त्यानं राजाचं उतरणं कधी पाहिलंच नव्हतं. ते आता त्याच्या पायाखाली चाललं होतं. सोनेरी मुकुट ढगांतून जात होता, एक हिसका नाही, एक थरथर नाही, आणि पलीकडे शेकडो चेहरे वर उचललेले, तोंडं उघडी, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. इतकी शांतता माणसांच्या गर्दीत असू शकते हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बसलोय, आणि त्या बाजूला हे सगळं आहे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

सिंहासन टेकलं आणि तो कप्पीपाशी थांबला. तेव्हा त्याला आठवलं: राजा आता भाषण करणार, आणि भाषण संपलं की उठणार. राजा उठला की सिंहासन हलकं. सिंहासन हलकं झालं की खुंटा तीन मजले खाली.

त्यानं पाय झटकला. सैल झालेली चप्पल निसटली आणि विंगेत सुई ओवत बसलेल्या बायकोच्या पुढ्यात पडली. तिनं चप्पल पाहिली, वर पाहिलं. नाटक तिला तोंडपाठ होतं. राजाचं शेवटचं वाक्य सुरू झालं होतं.

ती ॲप्रनसकट, दंडाला टाचण्यांची उशी बांधलेली, सरळ रंगमंचावर चालत गेली. राजा सिंहासनाच्या हातावर भार देऊन उठण्याच्या बेतात.

"उठू नका," ती ओठ न हलवता म्हणाली.

"वहिनी, माझं पुढचं वाक्य तिकडे पुढे आहे."

"तुम्ही उठलात तर आमचे हे पडतील. सरका. मी बसते, मग उठा. चिलखत इथेच काढून ठेवा."

आभाळराजानं प्रेक्षकांसमोर चिलखत उतरवलं, मुकुट उतरवला, दोन्ही तिच्या मांडीवर ठेवले आणि तिच्यापुढे वाकून म्हणाला, "राणी, माझं राज्य सांभाळ." हे नाटकात कुठेही नव्हतं. तो उठला. वर खुंटा वीतभर खाली घसरला, डुलला आणि थांबला. खुंट्याची बायको अंगानं भरलेली होती, आणि तिनं दोन्ही पाय वर घेऊन आपला कण न् कण सिंहासनावर ठेवला होता.

मध्यंतराला पडदा पडला. कामगारांनी सिंहासन तळाच्या कड्यांना बांधलं, तरी ती उठेना. "आधी त्यांना उतरू द्या," ती म्हणाली. खुंट्यानं दोराचे वेढे सैल केले आणि हाताखाली हात घेत स्वतःलाच उतरवलं, राजाला इतकी वर्षं उतरवलं तसं. पाय जमिनीला लागले तेव्हा मालक समोर उभे होते, पांढरे फटक.

"तुझी मान मोडली असती."

"हो."

"लोक बाहेर विचारतायत की राजा कशानं उतरला. दोर कुणाला दिसलाच नाही." मालकांनी वर पाहिलं, मग त्याच्याकडे. "उद्या काट्यावर चढायचंस. सिंहासनाआधी तू. वर तुळईला तुझ्यासाठी आत्ताच कडी बसवून घेतो, राजा उठला तरी तुझा भार कडीवर. मोटरवाल्याला मी नको म्हणून कळवतो. पण एक सांग, रोज वर जायला भीती नाही वाटणार?"

मांडीवर मुकुट घेऊन बसलेल्या बायकोकडे खुंटा गेला, तिच्या पायाशी बसला, आणि आपलं दुसरं पाऊलही चपलेतून मोकळं केलं.

"तिकडून तू दिसत होतीस," तो म्हणाला. "उजेडात."

"ॲप्रन मळका होता माझा."

"तिथून कळत नाही ते. तिथून सगळंच..." त्यानं हातानं काहीतरी मोठं दाखवायचा प्रयत्न केला, मग हात तसाच मांडीवर ठेवला.

तिसरी घंटा झाली. मालकांनी मागून सांगितलं, पुढच्या प्रवेशात राजाला पुन्हा वरून उतरवायचंय, कोण जातंय दोरावर?

खुंटा आधीच उभा होता.