आत्याच्या पाकिटातली गोळी

बाबांचं हृदय गेले चार महिने मनाला येईल तसं पळत होतं. मध्येच धूम ठोकायचं, मध्येच एखादा ठोका गिळून टाकायचं. काच कापणाऱ्या माणसाला हे परवडणारं नव्हतं; हात जरा हलला की तावदान गेलंच. दोन औषधं लागू पडली नाहीत, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चक्क आत्याच्या फिटच्या आजाराची गोळी लिहून दिली. औषध जुनंच, त्याला काम नवं दिलंय, असं त्या म्हणाल्या, आणि मात्रा मनाने वाढवायची नाही हे चारचारदा बजावलं. आत्याला मात्र आभाळ ठेंगणं झालं. वीस वर्षं घेतेय, आता मलाच विचारा, असं ती शेजारणींना सांगत सुटली.

घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या काढून द्यायचं काम भिंगरीचं. दहावीतली ही पोरगी एका जागी ठरेल तर शपथ. पण जीवशास्त्रात पहिली आल्यापासून घरात तिचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. शाळेला सुट्टी असलेल्या एका सकाळी बाबांचं पाकीट रिकामं निघालं. आत्या म्हणाली, नाव एकच तर आहे, माझ्यातली दे. भिंगरीने नावातलं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, गोळी बाबांच्या तळहातावर ठेवली आणि वर ऐटीत पाण्याचा पेलाही पुढे केला. बाबा कामावर गेले.

तासाभराने रिकामं पाकीट फेकताना तिची नजर नावाखालच्या आकड्यावर गेली. शंभर. आत्याच्या पाकिटावर तीनशे.

तिने फोन लावला, तर बाबांचा फोन घरातच टेबलावर वाजायला लागला. दोन्ही पाकिटं मुठीत धरून, पायात सापडेल ते अडकवून ती पळत सुटली.

बाबांच्या काचेच्या कारखान्याचा एक नियम होता: काच कापायचा हिरा काचेवर टेकला की कुणी तोंड उघडायचं नाही. ती दारात पोचली तेव्हा बाबा पुरुषभर उंचीच्या काचेवर वाकून रेघ ओढत होते. भिंगरी उंबऱ्यावरच थांबली. रेघ संपू दे, मग सांगू. पण बाबांच्या कपाळावर घाम होता, ओठ खडूसारखे पांढरे होते. आणि निम्म्या रेघेवर त्यांचा हात थांबला. रेघ अर्धी सोडलेले बाबा तिने जन्मात पाहिले नव्हते.

"बाबा, मी चुकीची गोळी दिली."

हिरा घसरला. तडा सरसर धावत कडेपर्यंत गेला. झालं, लेकीने केला उद्योग, असं बाबांचा भागीदार म्हणायला गेला आणि तिचं तोंड पाहून त्याने खोकं पुढे ओढलं.

"केवढी?" बाबांनी विचारलं.

"तिप्पट."

ते रागावले नाहीत. लाकडी खोक्यावर बसले, तेही टेबल धरून. भागीदाराने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांना चालू देऊ नका, गाडी पाठवते, तोवर नाडी सोडू नका, असा निरोप आला. भिंगरीने मनगट धरलं. मिनिटाला अडतीस. एका ठोक्यानंतर दुसरा इतका उशिरा यायचा की मधल्या वेळात ती स्वतः श्वास घ्यायला विसरायची.

"मोजतेयस की झोपलीस?" बाबा पुटपुटले.

"बोलू नका ना, बाबा. चुकेन मी."

दवाखान्यात बाबांच्या छातीवर वायरी चिकटवून त्या ठोके दाखवणाऱ्या पडद्याला जोडल्या. निरोप मिळताच आत्या धापा टाकत मागून आलीच. गोळी कुणी दिली आणि कधी, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तशी ती भिंगरीला पाठीशी घालत पुढे झाली.

"मी दिली. झाला असेल अर्धा तास."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. भिंगरी गप्प राहिली असती तर तिला कुणी बोल लावला नसता.

"आत्या, नको गं." भिंगरी तिच्यामागून पुढे आली. "मी दिली. आठ वाजून वीस मिनिटांनी. म्हणजे दोन तास झाले."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि परिचारिकेला हृदयाला बाहेरून ठोका देणारं यंत्र पलंगाशी आणायला सांगितलं.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "गोळीचा खरा जोर अजून यायचाय. आता आम्ही तयारीत राहू."

पडद्यावर एक रेघ उठली. पुढची केव्हा उठते याकडे सगळे पाहत राहिले.