हिरव्या रंगाखालचा जोड

श्रावस्तीने हिरवी सायकल स्टँडवरून काढली तशी रांगेतली मुलं ओरडली, "अरे, ये वाली नहीं! ये तो अंकल लोगों की है!"

सायकल खरंच मोठ्या माणसाची होती. दांडी अकरा वर्षांच्या श्रावस्तीच्या छातीला लागत होती. शेजारी पुढे टोपली लावलेली बुटकी लाल सायकल उभी होती आणि सगळ्यांचा डोळा तिच्यावर होता.

"छोरी, सोच ले," हवालदार नरसिंह म्हणाला. "जिस पे टेस्ट, वही इनाम. बाद में रोना मत."

"यही चाहिए, सर."

हरियाणातल्या मानेसरजवळच्या त्या लहानशा पोलीस ठाण्यात दर रविवारी मुलांचा वर्ग भरे. खाकी कपडे दिसले की गल्लीतली मुलं पळत, ते नरसिंहला खटकायचं. म्हणून त्यानेच तो सुरू केला होता. मूळच्या महाराष्ट्रातल्या निवृत्त शिक्षिका रमाबाई अंगणात सतरंजी घालून मुलांना रस्त्यावरच्या खुणा शिकवत, अर्ज लिहायला शिकवत. यंदा नरसिंहने वरून परवानगी आणून बेवारस सायकली रंगवून घेतल्या होत्या. चुन्याने आखलेल्या आठाच्या आकड्यावरून, पाय न टेकता दोन फेऱ्या मारल्या की सायकल आपली.

महिन्यापूर्वी, रंग वाळला त्या दिवशी, श्रावस्तीने हिरव्या सायकलच्या दांडीखाली बोट फिरवलं होतं आणि ती धावत रमाबाईंकडे आली होती.

"आजी, हा जोड बाबांनी केलाय. ही आमची सायकल आहे!"

तिचे वडील, सुगत, कारखान्यात वेल्डर. दोन वर्षांपूर्वी, यवतमाळहून नवीनच आलेले असताना, त्यांची सायकल चोरीला गेली. ती जुनी घेतलेली, बिल नाही. भाड्याच्या खोलीची पोलिसांत नोंद नाही. आपणच अडकू, या भीतीने सुगतने तक्रार केली नाही. तेव्हापासून तो कंपनीच्या बसपर्यंत तीन किलोमीटर चालत जाई.

"अर्ज कर," रमाबाई म्हणाल्या होत्या. "शिकवलाय ना?"

"बाबा म्हणतात, कुणाजवळ बोलू नको." मग जरा थांबून, "पण मी जिंकले तर बोलावंच लागणार नाही ना?"

त्यानंतरचे तीन रविवार, वर्ग सुटला की, रमाबाई त्या हिरव्या सायकलचं कॅरिअर धरून अंगणभर धावल्या. अडुसष्टाव्या वर्षी.

शिट्टी वाजली. श्रावस्तीने दांडीखालून पाय घातला, अंग तिरकं केलं आणि सायकल निघाली. पहिलं वळण. दुसरं. मुलं टाळ्या पिटू लागली. फाटकापलीकडे, चहाच्या टपरीशी, सुगत ग्लास हातात धरून उभा होता. आतल्या चहाला साय धरली होती.

"एक!" पहिली फेरी संपताच सगळे ओरडले.

"समोर बघ, खाली नाही!" रमाबाईंचा आवाज त्यांच्या नकळत चढला.

दुसरी फेरी. शेवटचं वळण. सायकल कलली, श्रावस्तीने हँडल खेचलं, क्षणभर वाटलं की सावरलं. आणि तिचा पाय चुन्यावर टेकला.

टाळ्या थांबल्या. तेवढ्यात रांगेतला जयेश पुढे आला. तो वर्गातला सगळ्यात उंच.

"सर, मैं भी इसी पे दूँगा. मेरे लिए तो ये एकदम फिट है."

श्रावस्तीने हँडल सोडलं नाही. तिचा हात दांडीखाली, त्या जोडावर होता. तिने एकदाच फाटकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

टपरीवर ग्लास ठेवल्याचा आवाज झाला.

सुगत रस्ता ओलांडून फाटकात आला. सतरंजीपाशी मुलांच्या चपला दिसल्या, तर त्यानेही बूट काढले आणि मोज्यांवरच चालत तो नरसिंहसमोर येऊन उभा राहिला.

"सर, ये साइकिल मेरी है."

"सबूत?"

"सीट काढून बघा..." मग सावरून, "सीट निकालिए. पाइप ढीला था, तो मैंने कपड़ा लपेटा था. नीला. कंपनी की पुरानी शर्ट का."

नरसिंहने पाना मागवला. नट गंजलेला होता, दोनदा निसटला. मुलं इतकी जवळ आली की त्याला ओरडावं लागलं, "अरे, साँस तो लेने दो!" सीट हिसक्यासरशी वर आली. सीटखालच्या दांड्याला तेलकट चिंधी गुंडाळलेली होती. नरसिंहने ती अंगठ्याने पुसली. आतून निळा रंग निघाला.

मुलांनी असा काही गलका केला की आतला लेखनिक बाहेर धावत आला.

"दो साल से कहाँ थे, भाई?" नरसिंहने विचारलं.

सुगतने फाटकाकडे पाहिलं. "जी, बाहर. कमरे की एंट्री नहीं थी."

नरसिंहने आतून दोन कोरे कागद आणले. "एक साइकिल का. दूसरा कमरे का. दोनों पे अर्ज़ी लिखो. कागज़ रजिस्टर पे चढ़ेंगे, साइकिल मंगल को ले जाना."

सुगत सतरंजीवर मांडी घालून बसला. रमाबाईंनी त्याच्या हातात पेन दिलं आणि श्रावस्तीला खुणावलं, "सांग त्यांना, सुरुवात कशी करायची."

"वर उजवीकडे तारीख, बाबा. मग 'सेवा में'." एवढं सांगून ती उठली. तिची नजर स्टँडकडे होती. "आजी, ही तर आमचीच निघाली. म्हणजे माझी टेस्ट अजून झालीच नाही ना?"

रमाबाईंनी नरसिंहकडे पाहिलं. नरसिंहने आभाळाकडे पाहिलं, जसा काही नियम तिथे लिहिलेला होता.

"लाइन में सबसे पीछे," तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने, अजून कुणीच न जिंकलेली लाल सायकल घेऊन श्रावस्ती चुन्याच्या रेघेवर आली. शिट्टी वाजली. सुगतने दुसरा अर्ज अर्ध्यावर ठेवून मान वर केली.