पुढचा शाफ्ट

"नाई बसत, शालीभाऊ." जीपखालून गुलजारचा आवाज आला. "लांबी कमी असती तं तुकडा जोडून देला असता. याचे दातच येगळे हायेत. दाताले काय करू?"

हातातला पाना शालिग्रामने मडगार्डवर ठेवला, पुन्हा उचलला. अंगणात चार दगडी ठोकळ्यांवर जीप उभी होती. दुपारच्या एसटीने मलकापूरहून आलेला जुना शाफ्ट बाजूला गोणपाटावर पडला होता. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारा एवढा एकच नग बसवायचा राहिला होता. भंगारवाल्याने महिनाभर आज देतो, उद्या देतो केलं आणि शेवटी दिला तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. उद्या सकाळी दहाला डोंगरातल्या झिरी वस्तीवर काल्याचं कीर्तन होतं.

"चिखलीले पाहा ना जाऊन," ओट्यावरून विमलबाई म्हणाली. नवऱ्याच्या या गाडीपायी तिची पीठ मळायची परात रॉकेलात गेली होती, दोन लुगडी फडकी झाली होती. पण आज तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"या गाडीचं सामान चिखलीत काय, अकोल्यात नाई भेटत आता," शालिग्राम म्हणाला.

अमडापुरात त्याला सगळे विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करणारा म्हणून ओळखत. त्याआधी पंधरा वर्षं त्याने याच जीपमधून अमडापूर-जानेफळ पॅसेंजर मारले. ते बंद झालं तशी जीप गोठ्यात गेली, टायर बसले, सीटमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. दिवाळीनंतर त्याने ती ओढून अंगणात आणली आणि नटबोल्टापर्यंत मोकळी केली. इंजिन उघडून रिंगा बदलल्या. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर एकेक जादा पाटा चढवून गाडी वीतभर उचलली, खोल गुट्ट्यांचे, मुरमात रुतून धरणारे टायर घातले. ड्रायव्हरशेजारी एका मोडक्या मोटारीची उंच पाठीची सीट बसवली, आणि विमलबाईने तिला जुन्या गोधडीची खोळ शिवली. ती सीट शेषराव महाराजांसाठी होती.

एकतीस वर्षं झिरी वस्तीच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन महाराजच करत आले, आणि त्यांच्या मागे टाळ धरायला शालिग्राम. वस्तीतली माणसं उपाशी बसत. महाराजांचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, की मगच तोंडात घास. पण या पावसाळ्यात वरचा रस्ता अर्धा वाहून गेला, तिसऱ्या वळणाला नुसता सुटा मुरूम आणि गोटे. मागच्या साली महाराजांना ट्रॅक्टरवर बसवून नेलं तर ते आठ दिवस अंथरुणातून उठले नाहीत. आणि आता सोमवारी अकोल्याला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. जीव वाचेल, आवाज राहायचा नाही.

म्हणजे उद्याचं कीर्तन शेवटचं. "मी नेतो तुमाले वर, धक्का लागू न देता," असं शालिग्रामने कार्तिकातच महाराजांना सांगून टाकलं होतं.

गुलजार जीपखालून बाहेर आला, हात पुसत उकिडवा बसला. गावातला वेल्डर तो, शालिग्रामचा बालपणापासूनचा सोबती. जमिनीकडे पाहत तो म्हणाला, "शाफ्ट तं गावातच हाय ना. याच गाडीचा. ओरिजनल."

विमलबाईने सूप खाली ठेवलं.

"त्याचं नाव नको घेऊ," शालिग्राम म्हणाला.

पॅसेंजर मारायच्या दिवसांत डिझेल वाचावं म्हणून त्याने तो पुढचा शाफ्ट काढून ठेवला होता. सगळेच काढत. सपाट रस्त्याला मागच्या दोन चाकांचा जोर पुरे. मग चार वर्षांमागे महाराजांच्या घशात पहिल्यांदा गाठ निघाली, दवाखान्यात मशीनचे शेक देऊन देऊन आवाज पार बसला. तीन महिने ते पाटीवर लिहून बोलत. शालिग्रामने मारुतीला नवस केला, महाराजांचा आवाज आला तर घंटा बांधीन. आवाज आला. त्याने मलकापूरहून चांगली जड पितळी घंटा आणली. तिचं वजन पेलायला मजबूत आडवी दांडी हवी होती, तर घरी पडलेला हा शाफ्ट. गुलजारनेच देवळाच्या दोन खांबांना अँगल मारून तो नटांनी आवळून दिला होता.

"चार नट इकून, चार तिकून," गुलजार म्हणाला. "अर्ध्या घंट्याचं काम. घंटेले मी दुसरा पाइप देतो, याहून जाड."

"देवाले वाह्यलेलं हाय बे ते."

"घंटा वाह्यली. दांडीचं काय बोलला होता तू?"

"गुलजारभाऊ बरोबर बोलून राह्यले," विमलबाई हळूच म्हणाली. "चला तं खरं. शंकररावाले इचारा."

दिवेलागणीला तिघं देवळात गेले. शंकरराव विश्वस्त, तोंडाचा कडक माणूस. चपला देवळाच्या पायरीपासून हातभर दूर काढल्या नाहीत म्हणून जावयाला सुनावणारा. तो नाही म्हणेल, असं शालिग्रामला वाटत होतं. नाही म्हणावं असंही वाटत असावं. पण शंकररावाने सगळं ऐकलं आणि आपल्या हाताने शिडी आणून लावली.

"घेऊन जाय. मारुतीनं लेका अख्खा डोंगर उचलला, त्याले तुह्या शाफ्टचं काय? उद्या महाराज वर पोचले पायजेत."

शालिग्राम शिडी चढला. पाना लावला. पहिला नट गंजलेला होता. जोर दिल्यावर करकरला आणि अर्धा आटा फिरला. त्या हिसक्याने घंटेची जीभ कडेला लागली. आवाज अगदी बारीक, आजाऱ्याने हाक मारावी तसा आला.

शालिग्रामचा हात थांबला.

"काय झालं?" खालून गुलजारने विचारलं.

"होत नाई माह्याच्यानं."

"तू उतर. मी खोलतो."

"तू बी नको." तो शिडीला कपाळ टेकून उभा होता. "आवाज दे म्हणलो होतो, त्यानं देला. उद्या महाराज वर गेले, तोंड उघडलं अन् आवाजच नाई निघाला तं? देवानं म्हणलं, तू तुह्यं वापस नेलं, मी माह्यं नेलं, तं? मी कोनाले तोंड दाखवू?"

"सैलानीच्या दर्ग्यात चढवलेलं मी बी वापस आणत नाई, मले समजते," गुलजार म्हणाला. "पण शालीभाऊ, तो चढ मागच्या चाकावर चढत नाई. हे तुले माह्याहून जास्त समजते. महाराजाले वर न्याचं का देवाले भ्याचं, एक काय तं ठरव."

शालिग्रामने पाना उलटा लावला आणि सैल झालेला नट पुन्हा आवळला. पूर्वीपेक्षा घट्ट. विमलबाई देवाकडे पाठ न करता मागे मागे सरत बाहेर गेली.

सकाळी त्याने मागच्या भागात वाळूची आठ पोती भरली, म्हणजे वजनाने चाकं धरतील. मागच्या टायरांना दोरखंड गुंडाळले. गुलजार न बोलावता आला आणि पोत्यांवर बसला.

महाराज गोधडीच्या सीटवर टेकले. पांढरं धोतर, गळ्याला उपरणं. आवाज घोगरा, अर्धा वारा. "जीप आणली का मंचक आणला बे? अशानं मले झोप लागन अन् कीर्तन तुले कराव लागन."

"तुमी फक्त धरून बसा, महाराज," शालिग्राम म्हणाला.

पहिलं वळण निघालं. दुसरं निघालं. शालिग्रामच्या ओठांवर नाम होतं, आणि क्षणभर त्याला खरंच वाटलं की वाळू पुरली, दोरखंड पुरले. वरून लाऊडस्पीकरवर भजन ऐकू येत होतं.

तिसऱ्या वळणाला मागची चाकं जागेवर फिरू लागली. मुरूम कारंज्यासारखा उडाला. त्याने गाडी मागे घेतली, पुन्हा जोर दिला. पुन्हा तेच. पुढची नवी चाकं, खोल गुट्ट्यांची, शहाण्या पाहुण्यासारखी नुसती उभी. तिसऱ्या वेळी गाडी कडेकडे घसरली. गुलजारने उडी मारून चाकाखाली धोंडा सरकवला. चौथ्या वेळी क्लच जळल्याचा उग्र वास आला आणि इंजिन नुसतंच ओरडत राहिलं. गाडी ना वर, ना खाली.

शालिग्रामने चावी फिरवून इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच राहिले.

"पुढचे चाकं काऊन नाई फिरले?" महाराजांनी विचारलं. "चारी फिरते म्हणला होता."

शालिग्रामने सांगितलं. मलकापूरचा शाफ्ट, मारुतीची घंटा, नवस, अर्धा फिरवलेला नट. सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

महाराज म्हणाले, "वाह्यलं माह्यासाठी. नाई काढलं, थे बी माह्यासाठी. अन् मले एकानं इचारलं नाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर शालिग्रामला सोसलं असतं.

फोन वाजला. वस्तीवरचा गोपाल. शालिग्रामने स्पीकर लावला. "महाराज, लोकं उपाशी हायेत सकाळपासून. चौघं जण बाज घेऊन येतो खाली. खांद्यावर आणतो तुमाले."

"नको बाप्पा," महाराज म्हणाले. "बाजेवर चौघांच्या खांद्यावर माणूस एकदाच जाते. तेव्हा जाईन." ते धाप लागून थांबले. "ज्ञानेश्वरच्या गळ्यात वीणा द्या. माह्याच हाताखाली शिकला तो. काला होऊ द्या. लेकरं उपाशी ठेवू नका."

"महाराज—"

त्यांनी बोटानेच फोन बंद करायला सांगितलं.

मग ते सीटवरून उतरले. गुलजारने हात दिला, तो त्यांनी घेतला आणि रस्त्यावर उभं राहिल्यावर सोडला. वस्तीकडे तोंड करून उपरणं सारखं केलं. शालिग्रामने पिशवीतून टाळ काढले आणि तो त्यांच्या मागे, डाव्या अंगाला, दोन पावलं सोडून उभा राहिला. एकतीस वर्षं त्याची जागा तीच.

महाराजांनी अभंगाचं पहिलं चरण घेतलं. घोगरं, पण सुरात. शालिग्रामने ते झेललं, पुन्हा म्हटलं. गुलजार टोपी सारखी करून धोंड्यापाशी उभा राहिला. चाक सरकू नये म्हणून त्याचा एक पाय धोंड्यावर होता.

दुसरं चरण आलं नाही.

शालिग्राम थांबला. महाराजांचे खांदे वरखाली होत होते, मान हलत होती, समेवर हात खाली येत होता. शब्द चालले होते, पण ते मागे पोचत नव्हते. समोर जाऊन ओठ पाहिले असते तर शब्द कळले असते. पण टाळकऱ्याने कीर्तनकाराच्या पुढे यायचं नसतं. तो मागेच उभा राहिला.

वर लाऊडस्पीकरवर ज्ञानेश्वरचा तरणा आवाज लागला, मृदंग चढला. वरचा ठेका वेगळा होता, जलद होता. शालिग्रामने आपला बदलला नाही. महाराजांचा हात खाली येई तिथेच तो टाळ मिळवत राहिला.